मैनेचे सलाम

हसायचं नाही, असं आधी कबूल करा, मग सांगतो. म्हणजे तुम्ही हसाल, ते मला माहीत आहे. कामठ्यापासून तिरोड्यापर्यंत सगळे आठ वर्षं हसत आलेत, तुम्ही कशाला मागे राहाल? पण निदान कपातला चहा संपवून घ्या. गाढवपणा सगळा माझा होता आणि नाव मात्र घोडीचं झालं, एवढं आधीच सांगून ठेवतो.

त्या वर्षी मी पुण्याहून शेतकीचं शिक्षण पुरं करून गावी परतलो होतो. देश नवा, मी नवा आणि डोक्यातली मतं तर अगदी कोरी करकरीत. त्यातलं सगळ्यात आवडतं मत मी कॉलेजच्या तबेल्यातून आणलं होतं. तिथे एक म्हातारे रिसालदार होते. ते म्हणायचे, मारलेलं जनावर भितं, शिकत नाही. त्यानं आपणहून काही बरोबर केलं की त्याच क्षणी 'शाबास' म्हणा आणि तोंडात काहीतरी गोड घाला. चुकलं तर रागावू नका, नुसतं काही देऊ नका. संपलं शास्त्र.

एवढं सोपं शास्त्र आणि आमच्या घरी काय चाललेलं? आमच्याकडे मैना नावाची घोडी होती. पंचक्रोशीत नवरदेवाला बसायला घोडी लागली की आमच्याकडे माणूस यायचा. मैनेला वाजंत्र्यांची भीती वाटे. डफडं वाजलं की ती जागच्या जागी खिळायची आणि मग मंसाराम तिला चाबकाचे फटके मारत मांडवापर्यंत न्यायचा. मंसाराम आमचा जुना गडी. मी जन्मायच्या आधीपासून घरची जनावरं त्याच्याकडे.

मी त्याला विचारलं, "मंसाराम, स्वराज्य मिळालेल्या देशात मुक्या जनावराला चाबूक मारतात का?"

"देशानं कुठं मारला जी," तो म्हणाला, "म्या मारला."

मी तो चाबूक काढून घेतला आणि माळ्यावर फेकला.

त्यातच माझं लग्न ठरलं. मुलगी बोदलकशाच्या बाजूची, घर आमच्यासारखंच धानाच्या शेतीचं. मुलीचे वडील म्हणजे पटेल, गळ्यात तुळशीची माळ, आणि दारूचं नाव काढलं तर अंगणात पाणी शिंपडणारे. पुतणीच्या लग्नात वरातीतला एक माणूस झोकांड्या खाताना दिसला, म्हणून त्यांनी अख्खी वरात वेशीवरून परत पाठवली होती. आमच्या बाबूजींना त्यांनी स्वच्छ सांगितलं, "तुमच्या वरातीत एक जरी पिऊन आला, तर पोरगी घरात अना वरात वेशीबाहेर."

मी तर खूश झालो. असा सासरा शोधून मिळत नाही, असं मी घरभर सांगत सुटलो. आणि मीही एक प्रतिज्ञा केली. मैनेवर बसून जाईन, पण एकही फटका न मारता जाईन. सगळ्या तालुक्याला दिसू दे.

हातात दोन महिने होते. गोड म्हणून मी गूळ सुरू केला. चौथ्या दिवशी मायनं गुळाचा डबा कुलपात घातला. म्हणाली, "लग्नाचे लाडू घोडीच्या पोटात कराचे आहेत का?" मग मी कोठीकडे वळलो. कोठीत वाळवलेले मोह भरलेले होते. आमच्याकडे चैत्रात मोहफुलं वेचतात, वाळवतात, बैलांना घालतात, माणसंही खातात. गोड, फुकट आणि खिशात मावतात. यापेक्षा उत्तम बक्षीस कोणतं?

मंसारामनं मात्र नकारार्थी मान हलवली. "मोह नोका देऊ जी. मोहाची चटक लागली तं थे कोणाचं आयकन नाई."

मी त्याला चटक आणि बक्षीस यांतला फरक समजावून सांगितला. पाऊण तास सांगितला. त्यानं तेवढ्या वेळात अख्खा तबेला झाडून काढला.

पण शिकवणं खरंच जमत गेलं, बरं का. डफडं दूर वाजवायला लावायचं, मैना उभी राहिली की शाबास आणि एक फूल. डफडं थोडं जवळ आणायचं, शाबास आणि एक फूल. महिन्याभरात तिच्या कानाशी वाजवलं तरी ती शेपटी हलवत उभी. मला आभाळ ठेंगणं झालं.

आणि तिथंच मी थांबायला हवं होतं. नाही थांबलो. एक दिवस माशी बसली म्हणून तिनं उजवा पाय उचलला आणि मान खाली घातली. मला वाटलं, वा, ही तर सलाम करते! म्हटलं शाबास, घातलं फूल. दुसऱ्या दिवशी माशी नव्हती, तरी पाय वर. पुन्हा शाबास. आठवड्यात अशी वेळ आली की मला पाहिलं रे पाहिलं की बाई उजवा पाय उचलून, मान झुकवून उभ्या. घरी येणाऱ्याजाणाऱ्याला मी कौतुकानं दाखवायचो.

"सलाम नाई जी थो," मंसाराम म्हणाला. "घोडी भीक मागून राह्यली."

अडाणी माणसाला शास्त्र कळत नाही, असं तेव्हा मला वाटत असे. आता कोणाला काय कळत नव्हतं, ते पुढे ऐका.

लग्नाच्या दिवशी वरात बैलबंड्यांनी निघाली. मैना रिकामी, मंसारामच्या हाती. दुपार कलता कलता आम्ही वधूच्या गावाच्या शिवेवर पोचलो. गोरज मुहूर्त होता, वेळ बेताचा होता. मी घोडीवर चढलो. डोक्याला बाशिंग, अंगात नवी शेरवानी आणि तिच्या दोन्ही खिशांत ठासून भरलेले मोह.

वाजंत्री सुरू झाली. मैना अडली नाही की बिचकली नाही, शहाण्यासारखी चालू लागली. मी बाबूजींकडे अशा नजरेनं पाहिलं की बस्स.

वीस पावलं गेलो असू. मैना डफडंवाल्यासमोर थांबली. पाय वर, मान खाली. लोक खूश झाले, पण घोडी पुढे जाईना. सलाम केला आणि फूल नाही, असं तिच्या आयुष्यात कधी घडलंच नव्हतं. मुहूर्त जवळ, चाबूक माळ्यावर, मग काय करणार? वाकलो, शाबास म्हटलं, फूल दिलं. बाशिंग डोळ्यांवर आलं. घोडी चालू लागली.

पुढे माझे मामा नाचत होते. मैना थांबली, सलाम. पुन्हा वाकलो, पुन्हा फूल, पुन्हा बाशिंग नाकावर. मग सनईवाला. मग अंतरपाट धरायला आणलेले आमचे काका. मग पुन्हा मामा, त्यांना तर दोनदा. अर्धा गाव माडीवर चढून बघतोय, नवरदेव झाडावरच्या माकडासारखा घोडीच्या मानेवर लोंबतोय आणि दर दहा पावलांवर घोडी कोणाला तरी मुजरा करतेय. मला रडू यायचं बाकी होतं.

असं का करतेय ही? बाकी माणसांपुढून सरळ जाते, नेमक्या काहींसमोरच का थांबते? आणि मग मामांसमोर तिसऱ्यांदा वाकलो तेव्हा मामांचा श्वास माझ्या नाकात गेला. मोह. पण कोठीतला नव्हे, बाटलीतला.

वाटेत विसाव्याला बंड्या थांबल्या होत्या, तेव्हा ही मंडळी झुडपामागे कशाला गेली होती, ते मला तिथं, घोडीच्या मानेवर लोंबताना कळलं. मैनेला माणसाशी देणंघेणं नव्हतं. जिथे मोहाचा वास, तिथे सलाम.

बाबूजी घोडीच्या बाजूनं चालत होते. त्यांनाही कळलं असावं, कारण ते पुटपुटले, "कोणाले सांगू नोको."

एवढं साधं काम. तोंड मिटून मांडवात जायचं. तुम्ही केलं असतं. कोणीही केलं असतं.

मांडवाच्या दाराशी पटेल स्वागताला उभे होते. घोडीचे सलाम पाहून त्यांचा चेहरा फुलला होता. म्हणाले, "घोडी मोठी संस्कारी दिसते, जावईबापू. पण कोणाले करते अना कोणाले नाई, थे कसं जी?"

आता एकतर मी खोटं न बोलण्याचं व्रत घेतलेला माणूस. त्यात दोन महिन्यांत पहिल्यांदाच कोणीतरी माझ्या शास्त्राबद्दल आदरानं प्रश्न विचारला होता. मला राहवलं नाही. मी घोडीवर बसून, साऱ्या गावासमोर, खणखणीत आवाजात रिसालदारांची पद्धत सांगितली. मोहफुलाचं बक्षीस सांगितलं. घोडीचं नाक किती तीक्ष्ण, तेही सांगितलं. आणि शेवटी म्हणालो, "म्हणून जिथे मोहाचा वास येतो, तिथेच ती सलाम करते. यात चूक होणं शक्य नाही."

वाजंत्री आपोआप थांबली. मामा आपल्या चपलांकडे पाहू लागले. बाबूजींनी डोळे मिटून घेतले.

पटेलांनी मात्र मान डोलावली. "चांगलं झालं. वरात एक एक करून घोडीपुढून निघन. सलाम झाला, थो बाहेर."

आणि तसं सुरू झालं हो! मामा बाहेर. काका बाहेर. सनईवाला सनईसकट बाहेर. एक दूरचे आजोबा काठी टेकत आले, त्यांनाही सलाम. त्यांनी घोडीला आशीर्वाद दिला आणि बाहेर गेले. आमची वरात निम्मी मांडवाबाहेरच्या लिंबाखाली बसली होती आणि मी वर बसून, देवाशपथ सांगतो, मनात म्हणत होतो, पद्धत किती अचूक आहे.

वचनाप्रमाणे लग्न मोडणार, हे माझ्या डोक्यात शिरेपर्यंत पटेल स्वतःच पुढे आले. त्यांचा राग माझ्यावर नव्हता. खरं बोलणारा जावई आणि त्याहून खरी घोडी, असं काहीसं म्हणत त्यांनी गुळाचा खडा तळहातावर घेतला आणि प्रेमानं मैनेपुढे धरला.

मैनेनं गुळाकडे पाहिलंही नाही. नाकपुड्या फुलवून तिनं पटेलांचा हात हुंगला, मिशी हुंगली. एक पाऊल मागे सरली. आणि उजवा पाय उचलून, मान पार गुडघ्यापर्यंत झुकवून, तिनं आयुष्यातला सगळ्यात लांब सलाम केला.

मांडवात कोणीतरी अक्षतांचं ताट खाली ठेवलं.

पटेल पांढरे पडले. त्यांचे दोन भाऊ पुढे सरसावले. त्यातला एक म्हणाला, घोडी खोटी आहे. तेवढं ऐकताच लिंबाखालचे मामा उठून उभे राहिले, "घोडी खोटी तं आमाले कायले बाहेर काढलं जी?" आणि घोडी खरी म्हणावी तर? पटेलांना स्वतःच्याच मांडवातून लिंबाखाली जावं लागणार. दोन्हीकडून अडकलं. सगळे माझ्याकडे पाहू लागले. घोडी खरी की खोटी, नवरदेवानं सांगावं.

मी काय सांगणार होतो, विचारू नका. मी तोंड उघडलं होतं, आणि पहिला शब्द 'शास्त्र' हा होता.

तेवढ्यात मंसारामनं माझा पाय धरून मला सरळ खाली ओढलं आणि मैनेच्या पुढ्यात उभं केलं. मैनेनं माझा डावा खिसा हुंगला, सलाम. उजवा हुंगला, सलाम. मग मला एकूणच पाहून तिसरा सलाम.

"पाहा जी," मंसाराम मोठ्यानं म्हणाला, "सगळ्याइले एक एक, अना नवरदेवाले तीन."

पटेलांचा रंग परत आला. मिशीवरून हात फिरवत ते म्हणाले, "म्हंजे जावईबापूच सगळ्यात जास्त घेऊन आले."

मी, ज्यानं जन्मात ताडीसुद्धा चाखली नाही! माझे हात खिशाकडे गेले. मूठभर मोह काढून दाखवले की मी सुटलो असतो. मी सुटलो असतो आणि पटेल एकटे उरले असते. पण हे मला कुठलं सुचायला? मी हात खिशात घातलाच होता, तोच बाबूजींनी मनगट पकडलं आणि कानाशी म्हणाले, "चूप बसशील तं बायको भेटन."

मी चूप बसलो.

"नवरदेवच पिऊन आला, तं बाकीच्याइले काय म्हनाव," पटेल गावाला ऐकू जाईल असं बोलले. "जवान पोरगं आहे. लग्नाच्या खुशीत झालं असन. म्या माफ केलं. सगळ्याइले आत घ्या." मामा सगळ्यांच्या पुढे आत आले.

लग्न वेळेवर लागलं. बायको फार चांगली मिळाली. लग्नानंतर महिन्याभरानं तिनं मला सांगितलं की तिच्या वडिलांच्या गुडघ्याला त्या दिवशी मोहाची दारू चोळली होती, दुखत होता म्हणून. मी विचारलं, गुडघ्याला मिशा असतात का? ती उठून चुलीकडे गेली.

तेव्हापासून सासरी गेलो की कोणीतरी हमखास विषय काढतं, हेच का ते पिऊन घोडीवर बसलेले जावई? पटेल खाली मान घालून जेवत असतात. माझ्या जिभेच्या टोकावर सगळं खरं आलेलं असतं. मी एक घोट पाणी पितो आणि गप्प राहतो. त्याच क्षणी बायको काही न बोलता माझ्या ताटात एक अनारसा वाढते. बोललो, तर नाही वाढत. रागावतसुद्धा नाही, नुसतं वाढत नाही.

परवाच्या दिवाळीला मंसाराम आमच्यासोबत बंडी घेऊन आला होता. पडवीत जेवायला बसल्या बसल्या तो माझ्या ताटाकडे पाहत होता. माझ्या ताटात चौथा अनारसा पडला, तेव्हा म्हणाला, "तुमचं खरं होतं जी. चाबूक लागतच नाई."