सात मात्रांची पावलं

निगडीच्या आमच्या इमारतीतले काका बोलायचे समोरच्याशी, पण त्यांचा उजवा हात मांडीवर आपलं काम करत असायचा. टाळी, टाळी, मग तळवा उलटा. तुमच्याही ओळखीत असा कुणीतरी असेलच. आमच्याकडे आले की चहाआधी पंख्याची टकटक ऐकायचे आणि निकाल द्यायचे, "तुमचा पंखा दादरा ताल वाजवतोय राव." त्यानंतर त्या पंख्याखाली आम्हाला धड झोप लागायची नाही.

काका मूळ तळवड्याचे, गावच्या भजनात वाजवत वाढलेले. कंपनीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी घरच्या हॉलमध्ये तबल्याचा वर्ग काढला. मी आणि आयटीतली तीन-चार पोरं. "आधी मोज, मंग वाजव," हे त्यांचं ब्रीद. महिनाभर तबल्याला हात लावू दिला नाही, नुसत्या टाळ्या. एकजण वैतागून गिटारकडे वळला. काकूंना या प्रकाराचा मनापासून तिटकारा. "उभा जन्म माझ्या डोक्याशी ठोकताहेत," म्हणत त्या स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायच्या.

मग काकूंना अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला, पण डावा पाय ओढला जाऊ लागला. व्यायाम करून घ्यायला एक मुलगी यायची, गुणी आणि शांत. ती "एक-दोन, एक-दोन" म्हणायची आणि काकू तिसऱ्या पावलाला डोलायच्या. काकांना वाटलं, हे तर आपलं खातं. त्यांनी चार-चार मात्रांच्या तीनतालाचा ठेका धरला. काकू जास्तच अडखळल्या. काका ओरडले, काकू रडल्या आणि म्हणाल्या, आता मला बसूनच राहू द्या. त्या एकदा बसल्या की पुन्हा उठणार नाहीत, हे काकांना कळत होतं. त्यांनी वर्ग बंद केला.

पुढे काही दिवस ते फरशीवर बसून नुसते काकूंच्या पावलांकडे बघत होते. एका सकाळी त्यांनी मला बोलावून घेतलं.

"ती चुकत न्हवती रं," ते म्हणाले. "मीच भलता ताल धरून बसलो. तिचा रूपक हाय."

रूपक सात मात्रांचा: तीन, दोन, दोन. डाव्या पायाला वेळ लागायचा, त्याला तीन मात्रा. उजव्याला दोन. मग काठी पुढे टाकायला दोन. काका काकूंच्या समोर उलटे चालत मागे सरकायचे आणि म्हणायचे, "ती ती ना, धी ना, धी ना." काकू त्यांना शिव्या देत, पण सात मात्रांत चालत. आधी दारापर्यंत, मग लिफ्टपर्यंत. व्यायामाची मुलगीही हसत हसत सात मोजायला शिकली.

गेल्या वर्षी काका झोपेतच गेले. त्यांना हॉलमध्ये ठेवलं होतं, काकू आतल्या खोलीत पलंगावर होत्या. शेवटचं दर्शन घ्यायला त्यांना खुर्चीतून आणू, असं ठरलं. काकूंनी खुर्ची बाजूला सारली आणि काठी मागितली. शेजारच्या दोघीजणी दंडाला धरायला पुढे झाल्या.

"धरू नका गं," काकू म्हणाल्या. "मोजणी चुकेल माझी."

त्यांचे ओठ हलत होते. तीन, दोन, दोन करत त्या काकांपाशी पोहोचल्या.