बांधावरचा बाबा

चोपड्याकडच्या एका गावात देव तयार करायची भारी सोपी रीत आहे. आधी माणूस मारायचा आणि मग भीती वाटायला लागली की त्याच्या दगडाला शेंदूर फासायचा.

मंजुळाबाईचा बाप, उखर्डू भिल, असाच देव झाला. ती लहान असताना त्याच्यावर केळीचा घड चोरल्याचा आळ आला. केळीच्या बागेचे मालक, म्हणजे आताच्या गावपुढारी गिरधरनानांचे वडील, त्यांनी गडी घेऊन त्याला बांधावरच संपवला. घड दुसऱ्या दिवशी त्यांच्याच गोठ्यात सापडला! आता सापडला त्याला कोण काय करणार? मंजुळाबाईच्या आईनं बांधावर दगड उभा केला. पुढे मारणाऱ्यांच्या घरात आजारपणं शिरली, तसे त्याच दगडापुढे नारळ फुटू लागले. हल्ली तो ‘बांधावरचा बाबा’. नवसाला पावतो म्हणे. मंजुळाबाईचं मागणं एवढंच, की दगडावर बापाचं नाव घाला.

यंदा गिरधरनाना सहलीबरोबर अमृतसरला जाऊन आले. जालियनवाला बागेत गोळ्यांच्या खुणांवरून हात फिरवून ढसाढसा रडले. परतल्यावर पारावर भाषण ठोकलं, "मेलेल्यांना विसरतो तो माणूसच नाही!"

मंजुळाबाईला वाटलं, चला, पाझर फुटला एकदाचा. ती उठून म्हणाली, "नाना, मंग मन्हा बापनं नाव?"

नानांचे डोळे झटकन कोरडे झाले. "अक्का, जुनं कशाला उकरून काढता? भंडाऱ्याला या, पोटभर जेवा."

केवढं हे मन!

भंडाऱ्याला नानांची नवी सून मयुरी दगडापुढे बसली. "बाबांचं नाव काय हो? नाव घेतल्याशिवाय नवस कसा बोलू?"

नाना नारळाची शेंडी उपटण्यात भलतेच गुंग झाले. मंजुळाबाई पुढे आली.

"उखर्डू. देव नई पोरी, मन्हा बाप शे. तुन्हा आजेसासरानी मारा त्याले."

मयुरीचा चेहरा उतरला. तिनं सासऱ्याकडे पाहिलं, सासऱ्यानं नारळाकडे. मग दगडावर डोकं टेकून ती मोठ्यांदा म्हणाली, "उखर्डूबाबा, आम्हाला माफ करा."

मागच्या गर्दीला देवाचं नाव कळलं, तेवढं पुरे होतं. "उखर्डूबाबा की जय!" सगळं गाव ओरडलं. नाना पडले भंडाऱ्याचे अध्यक्ष, त्यांनाही ओरडावं लागलं.

बाप मेला त्या दिवशी या गावातलं एकही तोंड उघडलं नव्हतं. मंजुळाबाई दगडाशी बसली आणि लहान पोरीसारखी हमसून हमसून रडली.