आर्व्होने ओढ्यात परत टाकलेली झाडं

आर्व्हो केट्टुनेनने आयुष्यात दोनदा सरकारी काम केलं, आणि दोन्ही वेळा सुरुवात एकाच ओढ्यात. पहिल्यांदा ओढ्यातली झाडं बाहेर काढण्याचं आणि दुसऱ्यांदा ती परत आत टाकण्याचं. मधे एकसष्ट वर्षं गेली.

पहिल्या वेळी तो एकोणीस वर्षांचा होता. सॉरेल बंदराची लाकडाची गिरणी तेव्हा अर्धवेळ चालत होती. त्या उन्हाळ्यात सरकारी माणूस आला आणि म्हणाला, मिंक ओढ्यात पडलेल्या रेडवूड झाडांच्या ओंडक्यांनी सॅमन माशांची वाट अडवली आहे, ती मोकळी करायची. आर्व्होला दोर ओढणाऱ्या विंचवर बसवलं. ओंडक्याला तारेचा दोर बांधायचा, ओढून काठावर घ्यायचा, तुकडे करायचे. मोजणीत घोटाळा नको म्हणून तो प्रत्येक जागी काठावरच्या बुंध्यावर कुऱ्हाडीने एक खाच पाडत असे. शरद ऋतूपर्यंत त्रेसष्ट खाचा झाल्या आणि ओढा पाटासारखा सरळ आणि स्वच्छ वाहू लागला. पावसाआधी शेजारचे दोन ओढेही त्याने तसेच मोकळे केले. सगळ्यांनी पाठ थोपटली. आर्व्होलाही वाटलं, आपण माशांसाठी काहीतरी मोठं केलं.

पुढे तो समुद्रावर गेला आणि पन्नास वर्षं सॅमन धरत राहिला. गुडघे थकल्यावर नाव त्याने मुलीच्या, काइसाच्या हाती दिली. काइसा गळ टाकण्यात बापापेक्षा हुशार आणि बोलण्यात बापापेक्षा तिखट. सॉरेल बंदरातली ती एकटी बाई तांडेल.

मग बंदी आली. एप्रिलमध्ये जाहीर झालं की मासे फार कमी उरलेत, या वर्षी समुद्रात सॅमनची नाव जाणार नाही. बर्फाचा कारखाना जूनमध्ये बंद झाला. धक्क्यावरचे सीगल दुसऱ्या गावी गेले, कारण मासे साफ करणारं कुणी उरलं नाही. जुलैच्या गावजेवणाला निखाऱ्यावर भाजायचा सॅमन दर वर्षी आपल्याच नावांनी धरलेला असे. त्या वर्षी तो अलास्काहून बर्फात आला. आर्व्होने ताटात फक्त बटाट्याची कोशिंबीर घेतली. पलीकडे जिनो बाराक्को बसला होता, त्याच्याच वयाचा, आयुष्यभर शेजारच्या नावेवरचा. त्याने विचारलं, पाहुण्याशी वैर कशाला? आर्व्हो म्हणाला की वैर नाही, ओळख नाही.

काइसाला आत, तीन तासांवरच्या शहरात, गोदामात नोकरी मिळत होती. तिने वडिलांना ते सांगितलं तेव्हा ती भांडी घासत होती आणि मागे वळली नाही. नाव विकायची नाही, पण रिकामी नाव खायला घालत नाही, एवढंच म्हणाली.  त्या घरात आर्व्हो एकटा राहणार होता, पण त्याला त्याचं फार वाटलं नाही. केट्टुनेनांच्या घरातून समुद्रावर जाणारं कुणी उरणार नाही, हे मात्र त्याच्या घशाखाली उतरेना.

त्याच महिन्यात बंदरावरच्या सभागृहात मरिसेला ओकाम्पो नावाची बाई आली. माशांचा अभ्यास करणारी, सरकारी, पस्तिशीची. समुद्रातली बंदी मोठ्या नदीच्या माशांवर ठरते, ते तिच्या हातात नाही, हे तिने आधीच सांगून टाकलं. पण मिंक ओढ्यात दुसऱ्या जातीचा सॅमन चढायचा, तो जवळपास संपला आहे आणि तो परत आणता येईल. पिल्लं वर्षभर ओढ्यात राहतात, त्यांना खोल डोह आणि सावली लागते, आणि हे दोन्ही पडलेल्या झाडांमुळे होतं. पूर्वी लोकांनी ती झाडं कचरा समजून काढून टाकली, आता परत टाकायची आहेत. बंदीमुळे घरी बसलेल्या तांडेलांना ती हे काम देणार होती.

आर्व्हो उभा राहिला. तो आता भांडणार असं सगळ्यांना वाटलं.

“लोकांनी नाही काढली, बाई,” तो म्हणाला. “मी काढली.”

 मग जिनो सावकाश म्हणाला, “बरं झालं कळलं. साठ वर्षं मी उगाच मासे खाणाऱ्या सीलना शिव्या देतोय.”

हसू ओसरल्यावर मरिसेलाने विचारलं, किती होती आणि नेमकी कुठे, हे काही आठवतं का. जुने नकाशे कुणाकडेच नव्हते. आर्व्होने नुसतं “त्रेसष्ट” म्हटलं आणि तो घरी निघून गेला.

दोन दिवस तो अंगणात लाकडं फोडत बसला. लाकडं पुरेशी होती. तिसऱ्या दिवशी काइसाने कुऱ्हाड त्याच्या हातातून काढून घेतली.

“बाबा, लहानपणापासून मी त्या त्रेसष्ट खाचांचं कौतुक ऐकत आलेय. आता ती बाई तेच विचारतेय, तर तुम्ही तोंड लपवून बसलात.”

“काय सांगू तिला? ओढा मारला, या, दाखवतो कसा?”

“हो. तेच सांगा. आणि दाखवा.”

आर्व्हो मरिसेलाला घेऊन ओढ्यावर गेला. रेडवूडचा बुंधा कुजत नाही. शेवाळ खरवडलं की खाली खाच तशीच. पहिल्या दिवशी सतरा सापडल्या. उरलेल्या आर्व्होने डोळे मिटून सांगितल्या. इथे वळणावर एक आडवा होता, तो काढताना दोर तुटला. इथे दोन एकावर एक होते, खाली जिनोच्या भावाचा बूट अडकला होता. मरिसेला लिहून घेत होती, आणि दुपारपर्यंत तिचं “मिस्टर केट्टुनेन” गळून नुसतं “आर्व्हो” झालं होतं.

काम सुरू झालं तेव्हा नऊ नावांवरचे लोक होते. दोर, कप्पी, विंच, वजन कुठे पेलेल आणि कुठे घसरेल, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. काइसाने गोदामवाल्यांना कळवलं की सध्या जमणार नाही. वाद एकदाच झाला. सरकारी आराखड्यात झाडं लोखंडी सळयांनी खडकाला जखडायची होती. आर्व्हो म्हणाला, मुळांसकट टाका, झाड आपली जागा आपण धरतं. मरिसेलाने निम्मी तशी आणि निम्मी अशी करून पाहिली. पहिल्या पुरात सळयांची चार गेली, मुळांचं एकही हललं नाही. तिने आराखडा बदलला आणि ते वर लिहूनही कळवलं.

त्या हिवाळ्यात ओढ्यात अकरा मासे चढले. फक्त अकरा. या अकरांची पिल्लं समुद्रात जाऊन तिसऱ्या वर्षी इथेच परतायची होती. वरून पत्र आलं की ती परततील त्या हिवाळ्याची मोजणी पाहून काम चालू ठेवायचं की थांबवायचं ते ठरेल. म्हणजे काइसाचं काय होणार तेही त्याच हिवाळ्यात ठरायचं होतं. पुढच्या दोन हिवाळ्यांत नऊ आणि चौदा आले. समुद्र बंदच राहिला. बंदरातल्या दोन नावा विकल्या गेल्या. गोदामवाल्यांनी काइसाला परत विचारलं, आणि या वेळी तिने लगेच नाही म्हटलं नाही. उन्हाळ्यात मात्र डोहांत बोटभर पिल्लांचे थवे दिसत, आणि आर्व्हो काठावर बसून त्यांना रागावे की बगळा बसलाय, आत व्हा.

चौथ्या हिवाळ्यात, डिसेंबरच्या मोठ्या पावसानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी आर्व्हो, काइसा, मरिसेला आणि जिनो असे चौघे ओढ्यावर गेले. आर्व्हो चौऱ्याऐंशीचा होता आणि त्याला आता लांबचं नीट दिसत नव्हतं. पाचव्या खाचेपाशी तो थांबला. पाण्यात कुणीतरी कपडे धोपटावेत तसा आवाज येत होता.

“किती?” त्याने विचारलं.

मरिसेला बोटाने हवेत मोजत होती. ती मधेच थांबली, परत पहिल्यापासून मोजू लागली, आणि मग तिने मोजणं सोडून नुसता त्याचा दंड धरला. लाल कुशींचे मासे डोहात इतके दाटले होते की काहींच्या पाठी पाण्याबाहेर होत्या. माद्या शेपटीने खडी उकरत होत्या. वर सहाव्या खाचेपाशीही तेच, नववीपाशीही. जिनो पुढे गेला होता, तो तिथून ओरडला, “आर्व्हो, लेका, तुझ्या ओंडक्याखाली बसायला जागा नाही रे.”

महिन्याभराची मोजणी चारशे सहा झाली. त्रेसष्टाव्या, सगळ्यात वरच्या डोहातसुद्धा सात जोड्या होत्या. काइसा खिशात दोन्ही हात घालून तिथे बराच वेळ उभी राहिली. घरी आल्यावर तिने शहरात फोन केला आणि दोन वाक्यांत नाही सांगितलं. मग बंदरावर जाऊन नावेचा तळ खरवडायला घेतला.

फेब्रुवारीत सभागृह पुन्हा भरलं. मरिसेलाने सांगितलं की काम थांबत नाही, उलट शेजारच्या दोन ओढ्यांनाही मंजुरी आली आहे, पाच वर्षांची. तिथल्या जुन्या झाडांच्या जागा कुणाला ठाऊक आहेत का?

सगळ्या माना एकाच बाजूला वळल्या.

“तिला कशाला तंगवतोस?” जिनो म्हणाला. “कबूल कर.”

आर्व्हो खुर्चीच्या हाताला धरून उठला. “दोन्ही मिळून अठ्ठ्याऐंशी,” तो म्हणाला, आणि खाली बसायच्या आधी त्याने विचारून घेतलं की सोमवारी किती वाजता निघायचं.