पंधरा हजार सांगितले होते

ताईचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात डबा खात होते. अंबरनाथच्या एमआयडीसीत एका छोट्या कंपनीत मी अकाउंट्स बघते. त्या वेळी कधी ती फोन करत नसे, म्हणून मला आधी आईचंच काहीतरी वाटलं.

"दात पांढरे करायला किती घेतात गं?" तिने विचारलं.

"कुणाचे?"

"माझे."

मला हसू आलं. तोंडात घास होता, ठसका लागला, तरी हसत राहिले.

"झालं हसून? आता सांग."

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. नवरा गेला तेव्हा ती तिशीत होती, मूलबाळ नव्हतं, सासरच्यांनी राहा म्हटलं नाही. ती चामटोलीला आईकडे परत आली आणि तिथेच राहिली. गावातल्या शाळेत मुलांची खिचडी शिजवायची. लहानपणी कधीतरी तिची दाढ ठणकत होती, तेव्हा आईने तव्यावर भाजलेल्या तंबाखूची मिश्री तिच्या बोटावर ठेवली. दाढ राहिली, मिश्रीही राहिली. वरचे दात मुळाशी काळे आणि खाली तपकिरी, आणि ते लपवायची तिला कधी गरज पडली नव्हती. आमच्याकडे निम्म्या बायकांचे दात तसेच.

आता गरज पडली होती. विधवा आणि घटस्फोटितांसाठी विहारात परिचय मेळावा होता, त्यात शेजारच्या काकूंनी तिचं नाव घातलं होतं. उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधल्या एका माणसाने तिला पसंत केलं होतं. त्यांचं शाळेचे युनिफॉर्म शिवायचं दुकान, बायको वारलेली, मुलगी लग्न होऊन गेलेली. पुढच्या रविवारच्या पुढच्या रविवारी घरी या म्हणून त्यांचा निरोप होता.

"फोटोत तोंड मिटलेलं आहे," ताई म्हणाली. "समोर बसल्यावर किती वेळ मिटून धरू?"

मी विचारून सांगते म्हणाले.

बदलापूर पूर्वेला स्टेशनजवळ एक काचेच्या दाराचा दवाखाना आहे, तिथे मी त्याच संध्याकाळी गेले. डॉक्टर तरुण होती, निवांत होती, तिने मला बसवून सगळं समजावलं. लाइट लावून एका बैठकीत करतात त्याचे पंधरा हजारांपर्यंत. दातांच्या मापाचे ट्रे बनवून देतात, त्यात जेल भरून घरीच रोज रात्री लावायचं, त्याचे सहा-सात. पुढच्या दातांवर पातळ पापुद्रे बसवतात ते तर एकेका दाताचेच आठ-दहा हजार, ते कशाला. मी मिश्रीचं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग आधी साधं क्लीनिंग-पॉलिशिंग करून घ्या. बाराशे-पंधराशे. मिश्रीचे डाग बरेचसे वरचेच असतात. अगदी शुभ्र नाही होणार, पण पुष्कळांना तेवढंच पुरतं. फक्त मिश्री सोडायला सांगा, नाहीतर सहा महिन्यांत पुन्हा तेच."

मी आभार मानले आणि निघाले. काउंटरवर हप्त्याने पैसे भरायची सोय असल्याची पाटी होती, ती मी वाचली.

इथपर्यंत माझ्या मनात काही वाकडं नव्हतं, असं मला अजून वाटतं.

घरी मांजर्लीला पोचले. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. पावसाळ्यात खाली पाणी भरतं म्हणून आम्ही वरचं घेतलेलं. हॉलमध्ये उभी राहून मी पर्स ठेवली आणि एकदम नजर दिवाणावर गेली. आई इथे झोपेल, असं मनात आलं. ताई लग्न करून गेली की आईला माझ्याशिवाय कोण? दोन वर्षांपूर्वी पडून आईचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हापासून ती वॉकर धरून चालते. संडासला न्यावं लागतं, बसवावं लागतं, रात्री दोनदा उठावं लागतं. हे सगळं ताई करत होती आणि मी रविवारी सफरचंदं घेऊन जात होते. मी दिवाण भिंतीला सरकवून पाहिला. वॉकर बाथरूमच्या दारातून जाईल का, ते हाताने मोजलं. मग ताईला फोन लावला.

"पंधरा हजार," मी म्हणाले.

"पंधरा?"

"हो. आणि दुखतंही म्हणे. आणि मिश्री कायमची सोडावी लागते."

"दुसरं काही नाही का स्वस्तातलं?"

"नाही."

मागे आईच्या वॉकरचा आवाज येत होता.

"हप्ते देतात का?"

"नाही देत गं," मी म्हणाले.

"बरं. राहू दे मग," ती म्हणाली. "तुला उगाच खेप पडली."

फोन ठेवला आणि मला हायसं वाटलं. ते हायसं वाटणंच मला पुढे सगळ्यात जास्त छळत राहिलं. खोटं बोलणं एखाद्या क्षणी होऊन जातं, पण त्यानंतर मी भाजी चिरताना गुणगुणत होते.

नवऱ्याने जेवताना विचारलं, "ताईच्या दातांचं काय झालं?"

"फार महाग आहे. पंधरा हजार."

"मग आपण देऊ की. एवढ्या वर्षांनी काही मागतेय ती."

"ती नको म्हणते."

"तू नीट विचारलंस का?"

"विचारलं," मी म्हणाले आणि उठून ताट घासायला घेतलं. तो चांगला माणूस आहे, त्याने पुन्हा विचारलं नाही.

पुढचे दिवस मी ताईला फोन करायचं टाळलं. दोनदा ऑफिसातून नंबर काढला. सांगू की डॉक्टरने आता दुसरंही एक सांगितलंय, साधं, बाराशेचं? पण मग आधी का नाही सांगितलं, याला काय उत्तर द्यायचं ते सुचेना. खरं म्हणजे सुचलं असतं. असं काहीतरी मी नेहमीच जुळवते. मला ते जुळवायचं नव्हतं, एवढंच. रात्री डोळे मिटले की ताईच दिसायची, माझ्या बाळंतपणात माझ्या पायांना तेल लावताना.

ठरलेल्या रविवारी आम्ही दोघी कॅम्प पाचला गेलो. आईजवळ शेजारच्या काकू बसल्या होत्या. ताईने मोरपंखी साडी नेसली होती आणि रिक्षात बसल्यापासून पदराचं टोक तोंडाशी धरलं होतं.

खाली दुकान, वर घर. दुकानात दोन मशिनं आणि निळ्या-पांढऱ्या चौकड्यांच्या कापडाचे गठ्ठे. ते गृहस्थ जिन्यापाशी घ्यायला आले. किडकिडीत, चष्मा, गळ्यात मापाची टेप तशीच राहिलेली. त्यांनी स्वतः चहा केला. ताईला त्यांनी शाळेचं विचारलं, किती मुलं जेवतात ते विचारलं, आणि ती पदराआडून उत्तरं देत होती. "हो." "साठ-सत्तर." "नाही."

शेवटी ते म्हणाले, "तुमचा दात दुखतोय का? मग चहा नका घेऊ, गरम आहे."

मला वाटलं ती हो म्हणेल. तिने पदर खाली घेतला.

"दुखत नाही. मिश्रीने काळे झालेत. मेळाव्यात तोंडाला पदर होता, तुम्ही पाहिले नसतील. पांढरे करायचे होते तुमच्याकडे यायच्या आधी, पण पंधरा हजार लागतात."

"पंधरा?" ते कपबशी हातात धरून थांबले. "किसने बोला? इथे मागच्या गल्लीत दातवाली मॅडम आहे, मी वर्षाला एकदा साफ करून घेतो. तंबाखू होती ना मला पण. हजार रुपये घेते." त्यांनी ओठ वर करून दात दाखवले. पिवळट होते, पण स्वच्छ होते. "पंधरा कुठे सांगितले तुम्हाला?"

"हिने विचारलं होतं," ताई म्हणाली.

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "ते लाइटवालं असेल. मोठा दवाखाना होता." माझे कान तापले होते. ताई माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहत राहिली. मग हसली, तोंड उघडून, अगदी मोठ्याने.

"हिला एसीवाल्या ठिकाणीच जायची सवय," ती त्यांना म्हणाली. "साधं काही हिला दिसत नाही."

तेही हसले. मी हसल्यासारखं केलं. तिने मला वाचवलं की तिला खरंच तसं वाटलं, हे मला कळलं नाही, आणि विचारायची माझी हिंमत झाली नाही.

परत येताना रिक्षात मी म्हणाले, "माणूस चांगला वाटतोय."

"हो ना," ताई म्हणाली. "आईचं मी मेळाव्यातच बोलले होते त्यांच्याशी. म्हटलं, आई माझ्याबरोबर येईल, चालत असेल तरच पुढे बोलू. ते म्हणाले, दुकानाच्या मागे खोली आहे, कपड्यांचा माल ठेवतो ती. ती रिकामी करून देतो, जिना नको चढायला." तिने पदर सारखा केला. "तुझ्याकडे तिसरा मजला. तू नोकरी करणार की तिला धरून उतरवणार? तुला कशाला तो ताप."

रिक्षावाल्याने वाटेत सीएनजी भरला, आम्हाला खाली उतरून उभं राहावं लागलं. तिथे उन्हात मी म्हणाले, "आईला मी ठेवीन ना. माझीपण आईच आहे."

"बघू," ती म्हणाली. फार प्रेमाने म्हणाली.

पुढच्या शनिवारी मी अर्धा दिवस टाकून तिला त्या मागच्या गल्लीतल्या दवाखान्यात नेलं. पैसे मी भरले, तिने नको नको म्हटलं तरी. मशीनच्या आवाजाने तिने माझं मनगट घट्ट धरलं होतं. थुंकीत काळ्या कपच्या पडत होत्या. तासाभराने तिने आरशात पाहिलं. दात पांढरे नव्हते, दुधाच्या सायीसारखे पिवळसर होते, आणि हिरड्या मागे सरकलेल्या दिसत होत्या, काळपटपणाआड ते इतकी वर्षं झाकलं गेलं होतं. डॉक्टरीण म्हणाली, आणखी उजळवायचे तर ट्रे आणि जेल आहे. ताई म्हणाली, "नको. हे माझेच वाटतायत तेवढं पुरे." मग जिभेने दात चाचपले आणि म्हणाली, "कसं गुळगुळीत लागतंय गं."

मिश्री सोडणं तिला जड गेलं. आठवडाभर डोकं दुखलं, सकाळी पोट साफ होईना, आईवर चिडचिड झाली. आई बोळक्या तोंडाने स्वतःची मिश्री लावत समोर बसलेली, ते बघून तिने एकदा डबीच शेजारी नेऊन दिली, आणि आईचा रुसवा निघेना म्हणून दुसऱ्या दिवशी परत आणली. दोनदा तिने चोरून लावलीही. मला फोन करून सांगितलं. तिच्या गोष्टी ती अशाच सांगते.

लग्न विहारात झालं, थोडक्यात. माझ्या नवऱ्याने फोटो काढले. घरी आल्यावर ते बघताना तो म्हणाला, "बघ, हजारात काम झालं. तुला पंधरा कुणी सांगितले होते?" मी त्याला तेव्हा सगळं सांगितलं. त्याने फोन बाजूला ठेवला, पंखा वाढवला, आणि म्हणाला, "आईसाठी?" मी हो म्हणाले. "मला विचारायचंस," एवढंच तो बोलला. पण त्यानंतर ताईचा विषय निघाला की तो माझ्याकडे न बघता बोलतो. आता कमी झालंय.

आई आता कॅम्प पाचला त्या मागच्या खोलीत असते. खिडकीतून गल्ली दिसते, मशिनचा आवाज दिवसभर चालू, तिला करमतं. ते तिला आई म्हणतात आणि तिच्या वॉकरच्या मुठींना त्यांनी मऊ कापड शिवून दिलंय.

मागच्या रविवारी मी ठरवून गेले होते की ताईला सांगायचं. ती मोरीत आईला आंघोळ घालत होती, मी दाराशी टॉवेल घेऊन उभी होते. मी "ताई, एक सांगायचंय" म्हणाले. ती पाठमोरीच म्हणाली, "थांब, आधी माझं ऐक. मंगळवारी तू येशील का? आम्हाला कापड आणायला मुंबईला जायचंय, शाळा सुरू व्हायच्या आधी. आईजवळ कुणी हवं."

"येते," मी म्हणाले.

"रजा मिळेल?"

"मिळेल."

"मग दर महिन्याला एक मंगळवार जमला तर बघ," ती म्हणाली. "हां, तुझं काय होतं?"

मी टॉवेल पुढे केला. म्हणाले, "काही नाही, आईची नखं वाढलीत, तेच."

मंगळवारी मी गेले. आईला संडासला नेलं, बसवलं, उठवलं, भात भरवला, नखं कापली. दुपारी ती झोपली तेव्हा मी तिच्या खाटेशी जमिनीवर आडवी झाले. पाठ भरून आली होती. बाहेरच्या दुकानात कारागीर एका गिऱ्हाइकाशी शर्टाची बाही किती लांब हवी यावरून हिंदीत भांडत होता. संध्याकाळी ताई आली, हातात गठ्ठे, घामाघूम, आणि पहिलं विचारलं, "तू जेवलीस का गं?"