ज्या नाल्यात मी उतरलीच नाही

हे मी अजून कोणालेच सांगतलं नाही. नवऱ्याले नाही, परतवाड्याच्या बहिणीले नाही. दरवेळी तोंडाशी येते, अन् मी भलतंच काही बोलून बसते. मग माह्यीच मले अशी चीड येते ना, का बस!

मी मेळघाटात वनरक्षक. उन्हाळा लागला का आमची पायी पाहणी असते — ठरल्या वाटेनं चालायचं, जनावराच्या खुणा पाहायच्या, कागदावर लिहायच्या. अस्वल कुठं राहते हे तं मले तोंडपाठ. दगडाच्या कपारी पाहिजे, जवळ पाणी, उकरायले वारुळं, अन् चैतात मोहाची फुलं. माह्या ताब्यातल्या रानात हे सगळं एकाच नाल्यात हाये. मले ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं.

पण तीन उन्हाळ्यांआधी, त्या दिवशी — काय सांगू — डोकं फिरलं होतं. कागदाचा नमुना पुन्हा बदलून आला होता, आधीचं सारं लिहिणं वाया. ऊन मी म्हणत होतं. नाला म्हणजे घंटाभर खाली, घंटाभर वर. अन् 'खुणा हायेत' लिहिलं तर फोटो लागते, माप लागते. 'नाही' लिहायले काहीच लागत नाही. मी वरच पळसाखाली बसली अन् लिहिलं — अस्वल, खुणा नाही.

एवढंच असतं तर... नाही, एवढंच नव्हतं.

आठ दिवसांनी फुलाबाई आली. गावातली कोरकू बाई, माह्या आईच्या वयाची, मोहफुलं वेचणारी. रान तिले माह्याहून जास्त समजते. तरी आमच्याकडे रीत हाये — फुलं पडाले लागली का बाया आधी वनरक्षकाले विचारतात.

"मॅडम, नाल्यातल्या मोहाखाली जाऊ का? अस्वल तं नाही?"

"जा न मावशी बिनधास्त. मी सोता उतरून पाहिलं."

काहून म्हटलं मी असं? 'पाहिलं नाही' म्हणाले जीभ झडली असती का?

तिसऱ्या दिवशी झुंजूमुंजू होता फुलाबाई फुलं वेचून राहिली होती, अन् कपारीतून पिल्लावाली अस्वलीण निघाली. जीव वाचला. उजवा डोळा गेला, गाल फाटला. पंचनामा मीच लिहिला — 'सदर महिला कोणालाही न विचारता नाल्यात गेली.' तिले वाचून दाखवलं नाही. खाटेवर पडल्या पडल्या तिचा अंगठा घेतला.

गाव तिलेच बोललं, म्हातारीले हाव सुटली म्हणे. अन् ती? ती सगळ्यांले सांगत फिरली, "मॅडमनं उतरून पाहिलं होतं. अस्वलच त्याच्यानंतर आलं असन." कधी कधी तिचाच राग येते मले. मले शिव्या तं दे ना, बाई!

यंदा पुन्हा फुलं पडून राहिली. काल ती आली, ओट्यावर बसली, मान वळवून उरलेला डोळा माह्याकडे केला. "मॅडम, यंदा कोणत्या झाडाखाली जाऊ? तुमी पाहून आल्या असान."

नाल्यात नको जाऊ, एवढंच मी म्हटलं. ती 'बरं' म्हणून टोपली घेऊन गेली. त्या सालीही तिनं विचारलं होतं. मी नाल्यात उतरलीच नव्हती, अन् 'न विचारता' हे माह्या हातचं अक्षर हाये.