येतो

माझ्या वेबसाइटवर कोण येतं, किती वेळ थांबतं, हे दाखवणारी सोय सुनेने बसवून दिली. बहुतेक लोक दारातूनच परतलेले दिसले. बडोद्याचं कुणीतरी मात्र 'त्या चाली माझ्या नाहीत, वसंताच्या आहेत' या पानावर शेवटच्या ओळीपर्यंत येऊन अजून रेंगाळत होतं. नाटकाच्या त्या चालींसाठी जन्मभर हार मी घालून घेतले. माझा मित्र वसंता काही न बोलता बडोद्याला निघून गेला.

"बाबा, बडोद्यात काय एकटे वसंतकाकाच राहतात?" सून हसली. "आणि हे बघा, गेलेसुद्धा!"

"गेले म्हणू नये गं."

आपल्याकडे निघणारा 'येतो' म्हणतो, घरचा 'ये' म्हणतो. माझं तेवढं म्हणायचं राहिलं होतं. पानाच्या तळाशी मी लिहिलं, 'वसंता, ये.'