सुभेदारांची नाव आणि पुंजाभाऊचं नाव

पुंजाभाऊनं बांधलेल्या मांडवाची तार बोटानं छेडली की टणकन वाजायची. आमच्या धरणाकाठच्या गावात द्राक्षांचे मांडव बांधणारे चौघं होते, पण बागाईतदारांच्या तोंडी नाव त्याचंच. कडेच्या लोखंडी खांबांना बाहेरून तिरप्या तारा द्यायच्या, त्यांची टोकं जमिनीत पुरलेल्या दगडांना बांधायची आणि मग आवळायचं, आवळायचं, आवळत राहायचं. एकरी शंभर क्विंटल माल लोंबू दे, वावटळ येऊ दे, पुंजाभाऊची तार ढिली पडायची नाही. "माझी तार एक वेळ मला सोडंल, खांबाला नाय सोडायची," असं तो म्हणायचा. चारचौघांत जरा जास्तच म्हणायचा.

सत्त्याण्णव साली सुभेदार खंडेराव देवळाली कॅम्पातून निवृत्त होऊन गावी आले. लोक निवृत्त झाल्यावर म्हैस घेतात, यांनी लिलावात जुनी शिडाची नाव घेतली. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून ती गावात आली तेव्हा लग्नाच्या वरातीला नसते इतकी गर्दी जमली. लाकूड बरं होतं, पण डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या तारा पार गेलेल्या. धागे सुटून बोटांना टोचायचे. कप्प्या फिरत नव्हत्या, तारा आवळायचे स्क्रू गंजून मुके झाले होते.

"पुंजाराव, तार ताणायचीय," सुभेदार म्हणाले.

"मंग बोलवायचं मलाच," पुंजाभाऊ म्हणाला.

त्यानं सगळं जुनं सामान खताच्या गोणीत भरलं आणि बसनं नाशकाजवळच्या अंबडला, कारखान्यांच्या वसाहतीत नेलं. तिथल्या लेथवाल्यानं विचारलं, "कुठल्या मशीनचं आहे हे?"

"नावेचं."

"नाशकात नाव?"

"तू स्टीलचं बनव. समुद्र आम्ही बघू."

आठ दिवसांनी नवे स्क्रू, नव्या पिना, नव्या कप्प्या, सगळं चकचकीत स्टेनलेस स्टीलचं, गोणीतून गावात परतलं. डोलकाठी उभी राहिली. पुढे एक नवी तार, दोन्ही बाजूंना एकेक. पुंजाभाऊनं स्क्रूत पहार घालून त्या अशा आवळल्या, की छेडल्यावर मांडवापेक्षा वरचा सूर निघाला. "वाईच बेतानं," सुभेदार दोनदा म्हणाले. पण पुंजाभाऊला तारेबद्दल कोण शिकवणार?

डिसेंबरातल्या एका रविवारी अख्खं गाव काठावर होतं. शीड फुगलं, नाव निघाली, आम्ही टाळ्या वाजवल्या. एवढ्यात वाऱ्याचा एक झोत आला, कडाड असा आवाज झाला आणि डोलकाठी आडवी. सुभेदार शिडाखाली गडप झाले. तंबूतून बाहेर पडावं तसे रांगत बाहेर आले आणि आधी टोपी शोधू लागले. लागलं कुठंच नाही. मग काय, हसून हसून लोकांच्या पोटात दुखलं. त्याच दिवशी कुणीतरी बोलून गेलं, "सुभेदाराची नाव बुडाली अन् पुंजाचं नावबी."

नाव काही बुडाली नव्हती. पण ते वाक्य संध्याकाळपर्यंत घराघरात पोचलं, आणि त्यात 'पुंजाची तार तुटली' हेही जोडलं गेलं. संक्रांतीनंतर तीन नवे मांडव त्याच्याकडून बांधून घ्यायचं ठरलं होतं. दोघांनी ते काम दुसऱ्या मांडववाल्याला दिलं. त्या दोघांतला एक मी. खोटं कशाला बोलू? माझा एकर त्याच्या भरवशावर लावलेला, आणि मी तोंडही न दाखवता दुसऱ्याच्या हातून निरोप धाडला.

चार दिवसांनी सकाळी दूध घालायला सगळे डेअरीवर जमलेले असताना पुंजाभाऊ आला. खांद्यावर त्या तारेचं वेटोळं. मागोमाग सुभेदार. आता हा आपल्याला धुणार, असं समजून मी कॅनच्या मागं सरकलो.

त्यानं तार ओट्यावर टाकली. अखंड होती. एक धागाही तुटलेला नव्हता. तार जिथं नावेला पकडली होती, ती पट्टी बोल्टांसकट लाकडातून उपटून आली होती.

"बघा," सुभेदार खणखणीत आवाजात म्हणाले, "तार शाबूत आहे. लाकूड कुजलं होतं. दोष माझ्या नावेचा."

झालं की! एवढं ऐकून घेऊन पुंजाभाऊ घरी गेला असता, तर कुणी चकार शब्द काढला नसता. पण तो मान हलवत राहिला.

"नाय, सुभेदार. लाकूड चांगलं व्हतं. म्या लय आवळलं. तीन रात्री इचार केला. मांडवाला दगड जिमिनीत असतो, त्याला कितीबी वढा. नावेत दगड कुठंय? खांब नावेतच, तारबी नावेलाच. जितकं आवळाल, तितकी नाव सोताशीच भांडती. तुमी सांगत व्हता, मी ऐकलं नाय. चूक माझी हाय."

कुणी हसलं नाही. माझे कान तापले, एवढं खरं.

मग त्यानं ती नाव पुन्हा हातात घेतली. पट्ट्या या खेपेला लांब केल्या, आतून लाकडी फासळ्यांना आरपार बोल्ट घातले, मागं पोलादी तुकडे दिले. स्क्रू हातानं फिरतील तेवढेच फिरवले, पहार घरीच ठेवली. फेब्रुवारीत नाव पाण्यात उतरली तेव्हा सुभेदारांनी त्यालाही आत बसवलं. वारा एका बाजूनं आला की पलीकडच्या बाजूची तार ढिली पडून लोंबायची. तशी ती पडायलाच हवी, असं सुभेदारांनी सांगितलं होतं. ढिली तार बघून पुंजाभाऊचा जीव खालीवर होत होता. शेवटी त्यानं दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवले. आम्हाला ते काठावरून दिसत होतं. नाव धरणाच्या मध्यापर्यंत जाऊन डौलात परत आली.

त्या संध्याकाळी मी त्याच्या घरी गेलो. मी ठरवलेल्या दुसऱ्या मांडववाल्यानं अजून एक खड्डाही खणला नव्हता. मी जमिनीकडे बघत म्हटलं, "भाऊ, मांडव तूच बांध."

पुंजाभाऊ बोलायच्या आत त्याची बायको कुसाबाई चुलीपुढून म्हणाली, "बांधतील की! पर महेशभाऊ, या महिन्यात पाच जण येऊन गेलं. तुमचा लंबर सहावा."

"वहिनी, माझ्या वेली जमिनीवर लोळतायत."

"मंग लोळू द्या थोड्या."

पुंजाभाऊ हसला, पण माझा नंबर काही त्यानं वर घेतला नाही. आमच्या वेली थेट गुढीपाडव्यापर्यंत बांबूच्या काटक्यांना टेकून उभ्या होत्या. रस्त्यालगतचं शेत, त्यामुळे येणारा-जाणारा थांबून विचारायचा, "काय रे, मांडव का नाही अजून?" पहिल्या दोघांना मी सांगितलं की लोखंड महागलंय. तिसऱ्याला सांगितलं, "पुंजाभाऊवर विश्वास ठेवला नाही. चूक माझी."